आर्टिझन कुणाला म्हणता, बॉस?

सध्या शहरात एक शब्द जाम फॉर्मात आहे. आर्टिझन! आर्टिझन ब्रेड, आर्टिझन कॉफी, आर्टिझन चॉकलेट... परवा तर एका दुकानात चक्क आर्टिझन उदबत्ती दिसली. हा शब्द मेन्यूकार्डावर चढला, की किंमत दीडपट होते आणि आपणही ती निमूटपणे मोजतो. का मोजतो? कारण त्या शब्दात एक वचन असतं. हा माल मशीनमधून धडाधड पडलेला नाही, कुणीतरी हातानं, वेळ देऊन, मन लावून केलाय, असं ते वचन.

आता आपलं व्यसन सांगून टाकतो. पिझ्झा! खायचंही आणि करायचंही. माझ्या पुण्यातल्या फ्लॅटवर कधीही या, फ्रीजमध्ये दूध नसेल एक वेळ, पण आंबायला ठेवलेल्या पिठाचे दोन-चार गोळे हमखास सापडतील. लोक ऑफिसचा ताण घालवायला जिमला जातात, कुणी गिटार बडवतं. मी डेडलाइन अंगावर आली, की पीठ मळायला घेतो. ओलं, चिकट पीठ हाताखाली हळूहळू गुळगुळीत व्हायला लागलं, की डोक्यातली निम्मी कटकट तिथेच संपते. हवं तर हसा, पण एकदा मळून बघा.

तर मंडळी, आजचा विषय आर्टिझन पिझ्झा. आणि हो, विषय आपल्याला कोरेगाव पार्कातून थेट हिंगोली जिल्ह्यात नेणार आहे. सीट बेल्ट बांधा.

३० मिनिटं ते ४८ तास

डॉमिनोज आणि पिझ्झा हट या दोघांनी भारतात दुकानं उघडली ती १९९६ मध्ये. म्हणजे माझी पिढी आणि डिलिव्हरीवाला पिझ्झा जवळपास एकाच वयाचे. आपल्यासाठी पिझ्झा म्हणजे काय होतं? बर्थ-डे, रिझल्ट, पहिला पगार. आणि ते ‘३० मिनिटांत’चं गणित. घड्याळ लावून बसायचो आपण. पिझ्झा उशिरा यावा म्हणून देवाला नवस करणारी जगातली आपली पहिलीच पिढी असावी.

पण या पदार्थाची मूळ गंमत बरोबर उलटी आहे. ती घाईत नाही, वाट बघण्यात आहे. इटलीतल्या नेपल्स शहरात पिझ्झा हे गरिबांचं, रस्त्यावरचं खाणं होतं. पीठ, पाणी, मीठ, आंबवण आणि वर जे परवडेल ते. १८८९ मध्ये मार्गेरिता राणीसाठी खास पिझ्झा केला गेला आणि तिचं नाव त्याला मिळालं, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. इतिहासकारांना तिच्याबद्दल बऱ्याच शंका आहेत. पण एक गोष्ट पक्की. राणीच्या आधीही नेपल्समधले हमाल-मजूर पिझ्झा खातच होते.

पुढे जगभर पिझ्झाचं काय काय झालं ते बघून नेपल्सवाले वैतागले आणि १९८४ मध्ये त्यांनी अस्सल पिझ्झाची एक संघटनाच काढली. तिची नियमावली वाचण्यासारखी आहे. गोळा २०० ते २८० ग्रॅमचा. पिझ्झाचा व्यास जास्तीत जास्त ३५ सेंटिमीटर. लाटणं बंद, हातानंच पसरवायचा. भट्टी साधारण ४३० ते ४८० अंशांवर आणि भाजायचा वेळ ६० ते ९० सेकंद. तासन् तास वाट बघायची आणि दीड मिनिटात खेळ खल्लास!

त्याहून भारी गोष्ट पुढे आहे. २०१७ मध्ये युनेस्कोनं नेपल्सच्या पिझ्झाची दखल घेतली आणि मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नाव टाकलं. पण नाव कुणाचं? पिझ्झाचं नाही, पिझ्झा करणाऱ्याच्या कलेचं! त्या कारागिराला तिकडे ‘पिझ्झायुओलो’ म्हणतात. यादीत चीज नाही गेलं, टोमॅटो नाही गेला. गेला तो माणसाचा हात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हिंगोली? म्हणजे नेमकं कुठे?

हा प्रश्न मला पुण्यात दर आठवड्याला एकदा तरी पडतो. म्हणजे लोकांना पडतो, उत्तर मला द्यावं लागतं. परभणी जिल्ह्यातून १९९९ मध्ये वेगळा झालेला जिल्हा. औंढा नागनाथचं ज्योतिर्लिंग, नामदेवांचं नर्सी आणि हळद. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. आणि औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. गुरुत्वीय लहरी पकडणारी, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. अशीच एक वेधशाळा इटलीत पिसा शहराजवळ आहे, व्हर्गो नावाची. म्हणजे इटली आणि हिंगोलीचं नातं मी एकटाच जोडतोय असं समजू नका.

आमच्या घरी हळद असते, म्हणून मित्रांचा पहिला जोक ठरलेला. ‘मग काय, हळदीचा पिझ्झा?’ नाही बॉस. कोरडी हळद सॉसमध्ये जरा जास्त झाली, की नुसती कडू लागते. मात्र फेब्रुवारीत हळदीची काढणी चालू असताना ओल्या हळदीचं लिंबू पिळलेलं लोणचं पिझ्झ्याच्या शेजारी घेऊन बघा. ऑलिव्ह विसराल.

तर मागच्या दिवाळीत मी ठरवलं, की यंदा पिझ्झा गावी करायचा. आमच्याच घरच्यांसाठी. सामानाची यादी काढली आणि गंमत लक्षात आली. खरोखर पुण्याहून न्यायला लागलं ते फक्त चीज. बर्फाच्या डब्यात मोझरेला घालून ट्रॅव्हल्सच्या सीटखाली सरकवलं आणि रात्रभर अर्धा जीव त्यात ठेवून झोपलो. ‘पनीर घाल की!’ असं आई फोनवर म्हणाली होती. पण पनीर वितळत नाही. कारण सोपं आहे. पनीर गरम दुधात लिंबू किंवा तसलंच काही आंबट टाकून फाडलेलं असतं, ते तापवलं तरी आकार सोडत नाही. मोझरेला विरजतात ते रेनेटनं, आणि मग गरम पाण्यात ताणतात. म्हणून त्याच्या तारा निघतात.

बाकी सगळं तालुक्याच्या बाजारात मिळालं. टोमॅटो घेताना गोल, रसाळ गावरान टाळले आणि लांबट, गरवाले उचलले. नेपल्सवाले ज्या सान मार्झानो टोमॅटोवर जीव टाकतात, त्याचं वैशिष्ट्यही हेच. गर जास्त, बिया आणि पाणी कमी. मैदा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला. लसूण, हिरवी मिरची घरची. तुळस अंगणात होती, पण ती देवाची. तिला हात लावायचा नाही, असा आजीचा कडक आदेश. शिवाय इटालियन बेसिलचा गोडसर वास आपल्या तुळशीला नसतोच. कोथिंबीर झिंदाबाद!

आजीची परीक्षा

पीठ मी दोन दिवस आधी भिजवलं. आजीनं पहिल्या दिवशी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिला राहवेना.

“काय करायलास रे हे? कालधरनं नुसतं डब्यात कोंडून ठिवलंस पीठ.”

मी तिला समजावलं. आजी, यीस्ट कमी टाकलंय, म्हणून ते हळूहळू फुगतं. जितकं सावकाश, तितकी चव. गव्हात ग्लुटेन असतं, ते पाण्यात भिजून आणि विश्रांती घेऊन नरम होतं. मग गोळा न फाटता ताणला जातो.

आजी म्हणाली, “जवारीला असलं काही लागत न्हाई.”

आणि मुद्दा एकदम करेक्ट होता. ज्वारीत ग्लुटेन नसतंच. म्हणून तर भाकरीच्या पिठाला गरम पाणी लागतं, तेव्हा ते चिकटपणा धरतं. म्हणून ते मळलं की लगेच थापावं लागतं. म्हणून ती ताणता येत नाही, थापावीच लागते. आजीनं यातला एकही शब्द कधी वाचलेला नाही. पण पिठाला आज पाणी किती लागेल, हे ती परातीतल्या पिठावर हात फिरवून सांगते. नवी ज्वारी की जुनी, दळण जाड आलंय की बारीक, सगळं त्या एका हातात.

मी गोळा घेतला आणि बोटांनी मधून कडेकडे दाबत, आतली हवा काठाकडे ढकलत पसरवायला लागलो. आजी बघत होती. मग म्हणाली, “काठ जाड ठिवलास. कच्चा ऱ्हाईल.” म्हटलं, आजी, काठ जाडच हवा, तो फुगतो. तिला पटलं नाही. तव्यावर एक करून दाखवला. बरा झाला, पण काठ नुसता पांढराफटक. आजीनं तुकडा मोडला, चावला आणि निकाल दिला.

“चव हाय. पण इस्तू कमी हाय तुझा.”

इस्तू म्हणजे विस्तव. आमच्याकडचा शब्द. आणि पुढचं वाक्य तिनं असं टाकलं, की जणू काही विशेष नाही. “भट्टीवर ने की. नानकटाई न्हेत न्हवतो का आपुन?”

मी बघतच राहिलो. अर्थातच! लहानपणी दिवाळीच्या आधी आई रवा-मैदा-तूप-साखर डब्यात भरून द्यायची आणि आम्ही पोरं ते घेऊन बेकरीच्या भट्टीवर रांग लावायचो. तिथे नानकटाई भाजून मिळायची, पत्र्याच्या डब्यात, गरमागरम. तुमच्यापैकी लहान गावातून आलेल्या निम्म्या जणांना आत्ता तो वास आला असेल, पैज लावतो.

चाचांची भट्टी

आमच्या तालुक्याच्या गावात अशी एक भट्टी अजून चालू आहे. विटांची, लाकडावर चालणारी, आतून घुमटासारखी. चालवतात त्यांना सगळे चाचाच म्हणतात. मराठवाड्याला अशा भट्टीचं मुळीच कौतुक नाही, कारण ती इथे कायमच होती. छत्रपती संभाजीनगरचा नान-खलिया घ्या. त्यातला तो भलामोठा नान भट्टीतच होतो. निजामाच्या राज्यातला मुलूख हा, इथे पाव आणि नान पिझ्झाच्या कितीतरी आधी पोचलेत.

चाचांनी माझा डबा उघडला. गोळा बोटानं दाबला. खड्डा सावकाश भरून आला, तसं ते म्हणाले, “पक गया आटा. अब देर नक्को, बैठ जाएगा.”

मी पुण्यात हेच शिकायला तीन पुस्तकं आणि शंभर व्हिडिओ बघितलेत, साहेब! आंबलेलं पीठ तयार झालं की नाही, हे ओळखायची ती जगप्रसिद्ध बोटाची टेस्ट. चाचांनी ती नाव न विचारता दोन सेकंदांत उरकली.

पुढचं ऐका. भट्टीचा दिवस कसा चालतो, हे मला त्या दिवशी नीट कळलं. आधी आत लाकडं पेटवायची, विटा तापेपर्यंत. मग निखारे ओढायचे आणि लांब दांड्याला बांधलेल्या ओल्या गोणपाटानं फरशी पुसायची. आता आत ज्वाळा नाही, पण विटांनी उष्णता पिऊन ठेवलेली. या उष्णतेवर आधी पाव. ती जरा उतरली, की बटर आणि टोस्ट. अजून उतरली, की नानकटाई, बिस्किटं. एकदा पेटवलेल्या लाकडावर दिवसभराचा माल, उतरत्या भाजणीनं. कुठेही थर्मामीटर नाही. चाचा चिमूटभर मैदा फरशीवर टाकतात आणि तो किती वेळात तांबूस होतो ते बघतात. बस्स.

पिझ्झाला लागते ती उष्णता या सगळ्याच्या आधीची. निखारे अजून आत असतात, विटा रसरसलेल्या असतात, ती. पाववाल्याच्या लेखी ही वेळ फुकट जाते, कारण तेव्हा पाव घातला तर बाहेरून काळा आणि आतून कच्चा. चाचांनी निखारे एका बाजूला सारले, मैद्याची चिमूट टाकली. टाकल्या टाकल्या ती काळी झाली. हसून म्हणाले, “बहोत तेज है. चलता क्या?”

चलता क्या म्हणजे? हेच तर पाहिजे होतं!

लाकडी फळीवरून पहिला पिझ्झा आत गेला. मोबाइलवर टायमर लावला होता, त्याकडे बघायला सवडच मिळाली नाही. काठ डोळ्यांसमोर टम्म फुगला. चाचांनी न सांगता तो अर्ध्यावर फिरवला, कारण निखाऱ्याकडची बाजू आधी भाजते, हे त्यांना मी काय सांगणार? जेमतेम दोन मिनिटांत बाहेर. काठावर काळे-तपकिरी ठिपके. नेपल्सवाले त्यांना बिबट्याचे ठिपके म्हणतात आणि त्यासाठी झुरतात. आजी त्यांना डाग म्हणते आणि भाकरीवर ते नसले तर नाक मुरडते. एकूण दोघांचं मत एकच.

आठ पिझ्झे काढले. त्यातला एक टोमॅटो, लसूण आणि ठेचा लावलेला, बिनचीजचा. चाचांनी तोच मागितला. उभ्या उभ्या खाल्ला आणि म्हणाले, “रोटी अच्छी है.” टॉपिंगबद्दल अवाक्षर नाही. खऱ्या भट्टीवाल्याला रोटीच दिसते. आणि पिझ्झाही शेवटी रोटीच आहे, वरचं सगळं नंतर.

आता जरा हिशेब

पैसे विचारले. चाचा म्हणाले, भट्टी तर पेटणारच होती, काय घेऊ? फारच मागे लागलो तेव्हा १०० रुपये घेतले. आठ पिझ्झ्यांचे.

पुण्या-मुंबईत चांगल्या ठिकाणी लाकडाच्या भट्टीतला एक पिझ्झा सहज ६००-७०० रुपयांना पडतो. मी तो खातो, आवडीनं खातो आणि ते पैसे महाग वाटत नाहीत. भाडं असतं, पगार असतात, इटलीहून आणलेलं पीठ असतं. भांडण त्यांच्याशी नाही.

प्रश्न असा, की चाचांच्या भट्टीतल्या पावाची लादी ३० रुपयांच्या आत मिळते आणि तरी गिऱ्हाईक कमी होतंय. कारखान्यातला पॅकबंद ब्रेड रोज टेम्पोनं येतो, आठवडाभर टिकतो. लाकूड महाग झालं. भट्टी पूर्वी रोज पेटायची, आता एक दिवसाआड. मुलगा हैदराबादला एसी रिपेअरिंग करतो, तो परत येणार नाही आणि त्याचं चूक आहे असं चाचांनाही वाटत नाही. “कंधा चलेगा तब तक चलेगी,” एवढंच म्हणाले.

म्हणजे बघा. आपण शहरात ज्या गोष्टीसाठी रांग लावतो, हातानं मळलेलं पीठ, सावकाश आंबवण, विस्तव ओळखणारी नजर, ती सगळी तिथे आहे. फक्त तिच्यावर कुणी तो शब्द चिकटवलेला नाही. शब्द नाही म्हणून किंमत नाही. आणि किंमत नाही म्हणून शिकायला कुणी नाही.

पण धुराचं काय?

हा मुद्दा टाळून चालणार नाही. लाकडाचा धूर रोमँटिक वाटतो तो आपल्याला, दोन मिनिटं उभं राहून फोटो काढणाऱ्यांना. भट्टीपुढे ३० वर्षं उभं राहणाऱ्या माणसाच्या छातीला विचारा. मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये शहरातल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा तशा स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. कारण हवा. तेव्हा बऱ्याच जणांनी गळा काढला, की आता पावाची चव गेली!

खरंच गेली का? ज्या नेपल्सच्या संघटनेनं सेंटिमीटर मोजून नियम केलेत, तिनंसुद्धा आता ठराविक गॅसच्या आणि विजेच्या भट्ट्यांना मान्यता दिली आहे. कारण पिझ्झाला हवी असते भरपूर उष्णता, खालून आणि वरून, आणि तीही झटपट. दीड मिनिटात धुराची चव ती किती लागणार? लाकूड बदलता येतं. पीठ बोटानं दाबून ‘पक गया’ म्हणणारा माणूस बदलून कुठून आणणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. मेन्यूकार्डावर ‘वूड-फायर्ड’ लिहिलंय का, हे नंतर बघा. आधी विचारा, पीठ इथेच मळता का? किती तास ठेवता? कोण मळतं? चांगल्या ठिकाणी या प्रश्नांची उत्तरं खुशीत मिळतात, कधी कधी तर तुम्हाला आत नेऊन दाखवतात. कपाळावर आठ्या पडल्या, तर समजा की तुम्ही फक्त शब्दाचे पैसे देताय.

आणि दुसरं, गावाकडचं. आपल्यापैकी कितीतरी जण नांदेड, लातूर, हिंगोली, जालन्याहून आलेत. दिवाळीला चार दिवस घरी जातो, सोफ्यावर लोळून फोन बघतो आणि परत येतो. या वेळी घरच्यांना विचारा, गावात भट्टी आहे का अजून? असेल तर आदल्या दिवशी जाऊन सांगा. आपलं पीठ न्या, नानकटाई न्या, वाढदिवसाला वीस पिझ्झ्यांची ऑर्डर न्या. त्यांच्या वेळा सांभाळा, पाव घालायच्या आधीची गरम वेळ मागून घ्या. आणि पैसे शहरातल्या हिशेबानं द्या. भीक म्हणून नाही, कौतुक म्हणूनही नाही. मजुरी म्हणून. रील बनवून ‘हिडन जेम’ वगैरे लिहायची काही गरज नाही, चाचा कुठे लपलेले नाहीत. त्यांचं दुकान भर रस्त्यावर आहे.

यंदाच्या दिवाळीचं आमचं ठरलंय. धनत्रयोदशीला सकाळी भट्टी तीन तास आमची, भाव आधीच पक्का. मी आकडा सांगितला तेव्हा चाचा म्हणाले, इतने में तो चार दिन पाव बनाता मैं. म्हटलं, मग बनवा. आईनं तेवढ्यात शेजारच्या दोन काकूंच्या नानकटाईचाही नंबर लावून ठेवलाय. पिझ्झे संपल्यावर, उतरत्या भट्टीवर.

ट्राय करून बघा: फ्लॅटमधल्या ओव्हनसाठी

चार पिझ्झ्यांचं पीठ: मैदा ६०० ग्रॅम, गार पाणी ३७० मिली, मीठ १५ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट साधारण १ ग्रॅम (म्हणजे खरंच चिमूटभर).

१. सगळं एकत्र करून दहा मिनिटं मळा. चिकटलं म्हणून वरून मैदा टाकत बसू नका. १५ मिनिटं झाकून ठेवा, पुन्हा दोन मिनिटं मळा. आपोआप गुळगुळीत होतं.

२. चार गोळे करा, तेलाचा हात लावून झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. २४ ते ४८ तास. उन्हाळ्यात पीठ बाहेर ठेवून आंबवण्याच्या फंदात पडू नका. ४० अंशांच्या वर ते काही तासांत फसफसून आंबट होतं.

३. चपातीची कणीक वापरायची असेल तर १०० ग्रॅमपर्यंत मिसळा. चक्कीवरचं पीठ पाणी जास्त ओढतं, म्हणून पाणी दोन-तीन चमचे वाढवा. चव मस्त खरपूस येते.

४. घरचा ओव्हन २५० अंशांच्या पुढे जात नाही. त्यावर जुगाड: जाड लोखंडी तवा उलटा करून आत ठेवा आणि पाऊण तास फुल्ल तापू द्या. वरची कॉइलही चालू ठेवा.

५. गोळा करण्याआधी दोन तास बाहेर काढा. बोटानं दाबा. खड्डा सावकाश भरून आला, की पीठ तयार.

६. लाटणं कपाटात. बोटांनी मधून काठाकडे पसरवा, काठाला हात लावू नका. टोमॅटो कुस्करून, मीठ घालून दहा मिनिटं चाळणीत निथळत ठेवा, न शिजवता लावा. चीज कमीच घाला, नाहीतर रोटी ओली राहते.

७. मैदा भुरभुरलेल्या पातळ फळीवरून तव्यावर सरकवा. सात-आठ मिनिटं. काठावर डाग पडले, की बाहेर.